घरच्या मिक्सिंगसाठी प्लगिन कसं निवडावं आणि संगणक अडला तर कुठून बघायला लागावं

१४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, गणपतीच्या आधी आरत्या, आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या मंडळाची खंजिरी भजनं. नागपुरात ही कामं आता बरीचशी घरातल्याच एका खोलीत होतात. लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माइक, हेडफोन, आणि खिडकीत कूलर. अशा खोलीतून पहिला प्रश्न येतो तो बहुतेक हाच: "कोणतं प्लगिन घेऊ?" (प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं, आवाजावर काम करणारं छोटं सॉफ्टवेअर.)

त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: तक्रार काय आहे? "आवाज भारी वाटत नाही" ही तक्रार नव्हे. "दुसऱ्या कडव्यात पेटी वाजली की गायकाचे शब्द कळत नाहीत" ही तक्रार. संगणकाचंही तसंच. "अडकतो" एवढंच सांगितलं तर बर्डीवरचा (सीताबर्डीच्या बाजारातला) दुकानदार तुम्हाला रॅम विकेल. "फक्त रेकॉर्ड करताना तडतडतो, नंतर ऐकताना नाही" असं सांगितलं तर निम्मं निदान तुम्हीच केलेलं असतं.

कामाचा क्रम आधी यंत्र, मग प्लगिन असा ठेवा. तडतडणाऱ्या लॅपटॉपवर चांगला कॉम्प्रेसरसुद्धा (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं प्लगिन) वाईट वाटतो.

१. खराब आवाज नेमका कोणता, ते ठरवा

घूं आणि तडतड यांची कारणं वेगळी असतात, म्हणून दोन्ही एकत्र शोधू नका.

घूं म्हणजे विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५० अशी दिसते. व्हॉक्सेंगो कंपनीचं स्पॅन हे आवाजाचा आलेख दाखवणारं मोफत अ‍ॅनलायझर लावलं की त्या जागी सुळके उभे राहिलेले दिसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. कूलर आणि इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर वेगळे करा. कीबोर्डसारखं वाद्य इंटरफेसला जोडताना दोन्हीकडे सोय असेल तर बॅलन्स्ड केबल (बाहेरची घूं कमी करणारी) वापरा. अर्थची पिन तोडा, घूं जाईल, असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. ऐकू नका. शेजारी पाण्यानं भरलेला लोखंडी कूलर असताना अर्थिंगशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

तडतडीचं आधी एवढंच बघा: तीच जागा पुन्हा वाजवली तर तडतड त्याच ठिकाणी येते का? दर वेळी तिथेच येत असेल तर ती फाइलमध्ये नोंदली गेली आहे. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर संगणकाला वेळेत हिशेब जमत नाहीये.

फाइलमधली तडतड प्रत्येक वेळी संगणकाचीच असते असं नाही. कूलरची ओली हवा थेट माइकवर येत असेल तर कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये ओल धरते आणि तो पॉप-पॉप, चरचर असे आवाज करू लागतो. लोक मग आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतात. माइक काम झालं की डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद. नवतपात (मे अखेरच्या भर उन्हाच्या नऊ दिवसांत) हे सांगणं निर्दयपणाचं आहे, कळतं मला. पण टेक चार मिनिटांचा असतो, आणि कूलरचा आवाज काढायला लावलेलं नॉइज रिडक्शन गायकाच्या श्वासाचीही वाट लावतं.

२. बफर, सॅम्पल रेट आणि ड्रायव्हर

बफर म्हणजे संगणकाला हिशेबासाठी दिलेली मुदत. ४८,००० सॅम्पल रेटवर (म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं घेताना) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १०२४ म्हणजे २१.३. गायकाच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज संगणकातून फिरून येताना हा उशीर जाताना आणि येताना असा दोनदा लागतो. म्हणून रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६ ठेवा, आणि मिक्स करायला बसलात की बेधडक १०२४ करा. मिक्सिंगमध्ये कुणी गात नसतं, मग उशीर झाला तर कुणाचं काय बिघडतं? निम्म्या घरांतली तडतड एवढ्यानंच जाते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळीही मोठा बफर चालतो, कारण गायकाला त्याचा आवाज संगणकात न जाता थेट ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला नकोतच.

प्रोजेक्ट आणि इंटरफेस यांचा सॅम्पल रेट एकच हवा. ४४,१०० वर रेकॉर्ड झालेली फाइल कुठे गफलत होऊन ४८,००० नं वाजली तर गाणं पळतं आणि पट्टीही चढते. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतं. पेटीवाला हे लगेच पकडतो, इतरांना नुसतं "काहीतरी विचित्र" वाटतं.

विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरानं आवाज पोचवणारा) टाका. एएसआयओ४ऑल हा इंटरफेसच नसलेल्यांसाठीचा तात्पुरता उपाय आहे. इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, आणि केबल एकदा बदलून बघा.

३. तरीही तडतड थांबत नसेल तर

इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेलं कागदावर लिहा. चार सेटिंग एकदम फिरवली की आजार गेला तरी कशानं गेला ते कळत नाही, आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. मग लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन काही मिनिटं चालू ठेवा; कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते ते नावानिशी दाखवतं. पुष्कळदा तो वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. काम करताना वायफाय बंद ठेवून फरक पडतो का बघा.

नागपुरात यापुढचा संशयित म्हणजे उष्णता. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा बंद खोलीतल्या लॅपटॉपला स्वतःला थंड ठेवता येत नाही. बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतात. सकाळी सुरळीत चाललेलं प्रोजेक्ट दुपारी तीनला तडतडू लागलं तर प्लगिनला दोष देण्याआधी एचडब्ल्यूइन्फो या साधनात तापमान बघा. पंख्यातली धूळ साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागून थोडा उचला. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका. आणि जड मिक्सिंग सकाळी उरकता आलं तर उत्तमच.

तापमान ठीक असेल तर दोषी प्लगिन शोधा. एकेक बंद करत बसण्यापेक्षा निम्मे ट्रॅक एकदम बंद करा. तडतड थांबली तर दोष त्या निम्म्यात; पुन्हा त्याचे निम्मे. चाळीस ट्रॅकचं प्रोजेक्ट असलं तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. एका ट्रॅकवरची प्लगिन्स एकामागून एक चालतात, त्यामुळे ती साखळी साधारणपणे प्रोसेसरच्या एकाच कोरवर पडते. म्हणून टास्क मॅनेजर ३५ टक्के दाखवत असतानाही आवाज तुटू शकतो: मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) सहा जड प्लगिन्स टांगली की एक कोर गुदमरतो आणि बाकीचे रिकामे बसतात. अशा वेळी रॅम वाढवून काही होत नाही. रॅम आणि एसएसडी कामी येतात ते सॅम्पल वाजवणाऱ्या व्हर्च्युअल वाद्यांना. मिक्सिंगला मास्टर हलका करा आणि झालेले ट्रॅक फ्रीझ करा (प्लगिनसकट तात्पुरते फाइलमध्ये बदला). रिव्हर्ब (घुमारा) प्रत्येक ट्रॅकवर न लावता एका बसवर (सामाईक ट्रॅकवर) लावून बाकीच्या ट्रॅकमधून सेंड द्या, म्हणजे थोडा आवाज तिकडे पाठवा.

४. प्लगिन टाकलं, पण दिसत नाही

विंडोजवर व्हीएसटी३ या प्रकारची प्लगिन्स सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सच्या व्हीएसटी३ फोल्डरमध्ये जातात. तिथे फाइल आहे का बघा आणि सॉफ्टवेअरला पुन्हा स्कॅन करायला लावा. जुनं ३२ बिटांचं प्लगिन ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरला सहसा दिसत नाही. लॉजिक हे सॉफ्टवेअर फक्त एयू प्रकारची प्लगिन्स घेतं, प्रो टूल्स एएएक्स प्रकारची. व्हीएसटी तिथे चालत नाही. स्कॅनमध्ये एकदा कोसळलेलं प्लगिन काळ्या यादीत गेलेलं असू शकतं, ती यादी साफ करा.

५. आता प्लगिन निवडा

सगळी प्लगिन्स बंद ठेवून नुसत्या फेडर (पातळी) आणि पॅनवर (डावं-उजवं) गाणं बसवा. मग डोळे मिटून ऐका आणि उरलेल्या तक्रारी लिहा. एका खंजिरी भजनाचं धरू: गायक, कोरस, पेटी, ढोलक, खंजिरी.

पेटी शब्द झाकते. त्यासाठी इक्यू (आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं प्लगिन) हवा, तोही गायकावर नव्हे, पेटीवर. ३०० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यात जिथे भांडण आहे तिथे दोन-तीन डेसिबल कमी करा. सॉफ्टवेअरसोबत आलेला इक्यू याला पुरतो. पेटी काही जागीच जड होत असेल तर डायनॅमिक इक्यू (गरज पडेल तेव्हाच दाबणारा) घ्या. टोकियो डॉनचं नोव्हा मोफत आहे आणि पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच प्लगिन्सना भारी पडतं.

खंजिरीच्या झांजा टोचतात. त्या साधारण ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये बोचतात; तोच डायनॅमिक इक्यू किंवा डी-एसर (टोचरे "स-श" दाबणारं प्लगिन) लावा. पण खंजिरी गायकाच्याच हातात असेल आणि दोन्ही एका माइकमध्ये आली असतील तर माफ करा, याचं प्लगिन विकत मिळत नाही. आवाज वेगळे करणारी एआयची साधनं आली आहेत, तरी झांजा शब्दांतल्या "स-श"मध्ये मिसळल्या की तीही चाचपडतात. खंजिरी खाली धरायला सांगून टेक पुन्हा घेणं स्वस्त पडतं.

ढोलकाची थाप मेली. हे बहुधा तुमच्याच कॉम्प्रेसरचं काम असतं. अटॅक (कॉम्प्रेसरनं दाबायला घेतलेला वेळ) १ मिलिसेकंदावर असेल तर थापेचं टोकच दाबलं जातं. २०-३० वर नेऊन ऐका.

रिव्हर्बसाठी ड्रॅगनफ्लाय मोफत आहे. वाल्हालाचं सुपरमॅसिव्हही मोफत, आणि देखणं, पण भजनाला ते अवकाशात नेऊन सोडतं. रिव्हर्बच्या बसवर २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, नाहीतर ढोलक चिखलात वाजतो.

कोणत्याही प्लगिनची परीक्षा घेताना ते चालू आणि बंद असतानाची पातळी सारखी करा. जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि कित्येक प्लगिन्स लावल्या लावल्या आवाज थोडा वाढवतात. पातळी जुळवल्यावर फरक ऐकू येईना, तर पैसे वाचले.

विकत घ्यायचंच असेल तर आधी डेमो तुमच्याच गाण्यावर, तुमच्याच लॅपटॉपवर चालवा. सक्रिय करायला आयलॉक (परवाना तपासणारी व्यवस्था) किंवा सतत इंटरनेट लागतं का ते बघा. लिनिअर फेज इक्यू आणि पुढचं आधी वाचणारे लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर रोखणारी प्लगिन्स) उशीर वाढवतात, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद ठेवावे लागतात. पूर्ण किमतीला घाईनं घेऊ नका; नोव्हेंबरात बहुतेक कंपन्या भाव पाडतात. पेनड्राइव्हवर फिरणारी क्रॅक बंडलं घरात आणू नका. अँटीव्हायरस बंद करून टाकायला सांगणाऱ्या फाइलला ज्या संगणकात मंडळाचं वर्षभराचं काम आहे तिथे जागा देण्यात शहाणपण नाही. रीपरसारखं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे, आणि त्याच्या सोबतची प्लगिन्स दिसायला रुक्ष असली तरी कामाला चोख आहेत.

६. शेवटचा हात

मास्टरवर लिमिटर, ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबल. यूलीनच्या मोफत लाउडनेस मीटरवर बघा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (एलयूएफएस म्हणजे गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) खाली आणतात, त्यामुळे गाणं चेपून उणे ७ वर नेण्यात फायदा नाही. मिरवणुकीत डीजेवर वाजणाऱ्या गाण्याचं गणित वेगळं. तिथे खालचे सूर मोनो (डावीकडे-उजवीकडे एकच आवाज) हवेत. पूर्ण मिक्स मोनो करून ऐका. कोरस पातळ झाला किंवा ढोलक हरवला तर एखाद्या स्टिरिओ रुंद करणाऱ्या प्लगिननं घोळ घातला आहे, ते काढा. आणि डीजेवाल्याला एमपी३ ऐवजी वेव्ह फाइल द्या.