गुरुवार रात्र ते शुक्रवार दुपारी तीन: उपास-प्रार्थनेचा एक दिवस

मराठी घरात उपास म्हटलं की साबुदाणा, वरी, रताळी आठवतात. ख्रिस्ती उपासाला अशी काही चालणाऱ्या-न चालणाऱ्या पदार्थांची यादी नाही. इथे जेवण सोडायचं ते त्या जेवणाची वेळ प्रभू येशूला देण्यासाठी. म्हणून तयारी करताना पहिला प्रश्न ‘काय खायचं’ हा नसतो. ‘मोकळ्या झालेल्या वेळात काय करायचं’ हा असतो. तो सोडवला नाही, तर दिवसभर नुसतं उपाशी राहणं होतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने गुरुवारी रात्री साडेसातला जेवून शुक्रवारी दुपारी तीनला उपास सोडावा. शुक्रवार हा येशूला वधस्तंभावर (क्रुसावर) खिळलं तो दिवस आणि तीन ही प्रभूने प्राण सोडला ती वेळ. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या (चर्च) ज्यांना मानतात ते जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये असताना बुधवारी आणि शुक्रवारी तीनपर्यंतच उपास धरत. हे जमू लागलं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे पूर्ण २४ तास. तीनपर्यंतचा उपासही जड वाटत असेल तर आधी महिनाभर फक्त शुक्रवारची न्याहारी सोडावी. बायबलमधल्या एस्तेर राणीने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केलं होतं, पण तो प्राणावर बेतलेला प्रसंग होता. पाणी सोडून उपास करू नका.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं, नुकतेच आजारातून उठलेले यांनी जेवण सोडू नये. त्यांच्यासाठी बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याची वाट आहे: त्याने तीन आठवडे मांस, द्राक्षारस आणि रुचकर अन्न वर्ज्य केलं होतं. मटण-मासळी, गोडधोड आणि तळलेलं सोडून साधी भाजी-भाकरी खाल्ली तरी तो उपासच आहे, त्यात कमीपणा काही नाही. मधुमेह असून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ग्लुकोमीटर जवळ ठेवा. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम सुटून हात थरथरू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, मग जेवावं. त्या दिवशीचा उपास तिथे संपला. प्रार्थना चालू ठेवावी.

डोकेदुखीचं मूळ बहुतेक वेळा भुकेत नसतं, चहात असतं. रोज चार कप घेणाऱ्याने तीन दिवस आधीपासून दररोज एकेक कप कमी करावा. गुरुवारी रात्री भाकरी, मुगाचं वरण आणि पालेभाजी एवढंच खावं. सुके बोंबील, पापड, लोणचं ताटात नको, नाहीतर रात्रभर घसा कोरडा पडतो. शुक्रवारी तीनपर्यंत दोन-अडीच लिटर पाणी थोडं थोडं करून प्या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर एका पेल्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ घाला.

आता वेळेकडे या. सकाळी न्याहारीच्या वेळी अर्धा तास एकट्याने बसा. फोन दुसऱ्या खोलीत, जवळ फक्त पवित्र शास्त्र (बायबल) आणि वही. त्यातलं स्तोत्र ५१, पश्चात्तापाचं, दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. जी ओळ अडवेल तिथे थांबून आपलं पाप नाव घेऊन कबूल करा. ‘माझ्या चुकांची क्षमा कर’ एवढं म्हणून पुढे जाऊ नका. ‘काल भावाशी खोटं बोललो’ असं म्हणा. इथे घाई झाली की बाकीचा दिवस कोरडा जातो.

दुपारच्या जेवणाची वेळ मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची. वहीत पाचच नावं लिहा आणि प्रत्येकाच्या पुढे एक नेमकी विनंती. पन्नास नावांची यादी म्हणजे हजेरी होते. कामावर असाल तर जेवणाच्या सुटीतली वीस मिनिटं पुरतात. अडीच ते तीन घरच्यांबरोबर भक्ती: पश्चात्तापाचं एक गीत, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला ५८ वा अध्याय, पाच मिनिटं मौन, प्रत्येकाची एकेक छोटी प्रार्थना, प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) आणि शेवटी उपकारस्तुतीचं गीत. पेटी वाजवणारं कोणी नसेल तर टाळीवर गा, पण गा. मौन वगळण्याचा मोह फार होतो. घड्याळ लावून का होईना, ते पाळा.

अकराच्या सुमारास चिडचिड सुरू होते. यशयाने नेमकं यावरच बोट ठेवलं आहे: उपास धरतात आणि भांडतात, कामकऱ्यांना राबवतात. म्हणून हिशेबाची बोलणी, मुलांना रागावणं आणि मंडळीतले वाद त्या दिवशी पुढे ढकलावेत. घरातल्यांना उपास आहे हे सांगावं लागतंच, ते लपवण्यात अर्थ नाही. येशूने मनाई केली ती दिखाव्याला. तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून नेहमीसारखे कामाला जा, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर काही टाकू नका.

दुसरी चूक याहून खोल आहे: उपासाला नवस समजणं. आजारी बाळासाठी दावीद राजा सात दिवस जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही, तरी बाळ गेलं. मग तो उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरी जाऊन भक्ती केली आणि घरी येऊन जेवला. आधी भक्ती, मग जेवण. मागितलेलं मिळालं नव्हतं, तरी त्याने हा क्रम चुकवला नाही. तीन वाजता ताटावर बसण्याआधी हा भाग (२ शमुवेल १२) वाचावा.

सोडताना पेज घ्यावी: पाव वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. सोबत एखादं केळं चालेल. वडापाव किंवा बिर्याणीवर तुटून पडलात तर पोट तडस लागून दुखतं आणि संध्याकाळी नुसती सुस्ती येते. पोटभर जेवण दोन तासांनी.

पुनरुत्थानाच्या रविवाराआधीच्या उपवासकाळात (लेंट) हेच दर शुक्रवारी करता येतं. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) ५ एप्रिलला. मधले दिवस ४६, त्यातले सहा रविवार वगळून ४०. रविवारी उपास नको, तो पुनरुत्थानाचा दिवस. कॅथलिक नियमात राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस सक्तीच्या उपासाचे: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं, तेही मिळून एका जेवणाइतकं होणार नाही असं. वयाची अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत तो लागू असतो. मांस वर्ज्य मात्र चौदा वर्षांपासून पुढे.

राहिला सोडलेल्या जेवणाचा पैसा. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, असं यशया ५८ सांगतो, म्हणून न्याहारी आणि दुपारच्या जेवणाचा खर्च त्याच दिवशी डब्यात टाका. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला निघतो. तसं धान्य काढलं तरी चालेल. डबा भरण्याची वाट बघू नका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ज्या घरी चूल पेटण्याची अडचण आहे त्या घरी, गाजावाजा न करता तो पोचवा.