‘स्थापना’ नेमकी कोणती लिहायची? संस्थेच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सामाजिक किंवा शैक्षणिक संस्थेत कामाला लागलं की पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच एखादा फॉर्म हातात पडतो आणि त्यात एक चौकोन असतो: ‘स्थापनेचा दिनांक’. कार्यालयात विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. अध्यक्षांना आठवतो तो दसरा, लेटरहेडवर छापलेलं साल आणि फायलीतल्या प्रमाणपत्रावरची तारीख. तिन्ही खरी असू शकतात. कुठल्या कागदावर कुठली चालते, एवढंच शिकायचं असतं.

आधी शब्दाकडे बघू. रोजच्या बोलण्यात ‘स्थापना’ फारसं कुणी म्हणत नाही. शाळा काढतात, पतसंस्था काढतात, पक्षही काढतात. दुकान आणि हॉटेल टाकतात, दवाखाना थाटतात, कारखाना उभा करतात, समिती नेमतात. ‘स्थापना’ येते ती निमंत्रणपत्रिकेत, अहवालात, ठरावात आणि भाषणात. म्हणून गावातल्या बैठकीत ‘आपण बचत गटाची स्थापना करूया’ म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात, आणि इतिवृत्तात ‘संस्था काढली’ लिहिलं की सचिव लाल पेन उचलतात.

व्याकरणात घोटाळा होतो तो एका कान्याचा. ‘संस्था स्थापन केली’ बरोबर, ‘संस्थेची स्थापना केली’ही बरोबर. ‘संस्था स्थापना केली’ आणि ‘संस्थेची स्थापन केली’ ही दोन्ही चूक, आणि घाईत टाइप केलेल्या अहवालात दोन्ही सापडतात. ‘संस्था स्थापित केली’ हे हिंदीच्या वळणाचं आहे. मराठीत त्याची गरज पडत नाही. ‘स्थापणा’ असा ण तर कुठेच नाही.

या शब्दाच्या भावकीतला एक शब्द नवख्याला हमखास फसवतो: आस्थापना. दुकाने व आस्थापना कायद्यातली ‘आस्थापना’ म्हणजे माणसं जिथे काम करतात ती जागा, तो व्यवसाय. त्याच्या परवान्याला बाजारात ‘गुमास्ता’ म्हणतात. सरकारी कार्यालयातली ‘आस्थापना शाखा’ म्हणजे नेमणुका, रजा आणि सेवापुस्तकं बघणारी शाखा. आणि ट्रस्टच्या उत्पन्न-खर्च पत्रकातला ‘आस्थापना खर्च’ म्हणजे कार्यालय चालवण्याचा खर्च, त्यात मुख्य म्हणजे पगार. नवा हिशेबनीस संस्था सुरू करताना झालेली नोंदणी फी, स्टॅम्प आणि वकिलाची फी याच खात्यात टाकतो आणि लेखापरीक्षक ते काढून ‘प्रारंभिक खर्च’ या सदरात नेतो. एका ‘आ’ने खातं बदलतं. ‘प्रस्थापित’ तर वेगळ्याच वाटेने गेला. तो मूळचा सरळ शब्द, पण राजकारणातल्या वापराने त्याला खवचट वास लागला आहे; देणगीदाराला पाठवायच्या पत्रात ‘आमची प्रस्थापित संस्था’ लिहू नये. ‘प्रतिष्ठापना’ गणपतीची, घटस्थापना नवरात्रात. कार्यालयाच्या नव्या जागेचं मात्र उद्घाटनच.

आता तारखा. संस्था आधी जन्मते आणि कायद्याच्या दप्तरात नंतर येते, हे जुनंच आहे. रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली दसऱ्याला, 4 ऑक्टोबरला काले इथे स्थापन केली. तिची 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी 1935 ची. पुण्यात क्रम आणखी वेगळा पडला. न्यू इंग्लिश स्कूल 2 जानेवारी 1880 ला सुरू झालं, ते चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली आणि फर्ग्युसन कॉलेज 1885 मध्ये. म्हणजे लेकीचं वय आईपेक्षा जास्त. शाळेच्या पत्रकावर संस्थेचं साल किंवा संस्थेच्या अहवालात शाळेचं साल छापणं ही चूक अशाच ठिकाणी होते. एकापेक्षा जास्त शाखा चालवणाऱ्या कुठल्याही संस्थेत ती करणं सोपं आहे.

आजची साधी संस्था घ्या. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे किमान सात माणसं लागतात. ती एकत्र बसतात, नाव, उद्देश आणि पहिली कार्यकारिणी ठरवतात आणि तसे ठराव करतात. ही झाली स्थापना सभा. मग विधानपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा कागद) आणि नियमावली तयार होते, सातही जणांच्या सह्या होतात, पत्त्यासाठी जागामालकाचं संमतीपत्र आणि वीजबिल जोडलं जातं आणि अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. नाव आधीच्या संस्थेसारखं असेल तर तिथेच अडतं, म्हणून दोन-तीन पर्यायी नावं तयार ठेवावीत. महाराष्ट्रात संस्था म्हणून नोंदणी झाल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदणी होते, आणि त्या अर्जाला तीन महिन्यांची मुदत असते. त्यामुळे फायलीत दोन प्रमाणपत्रं दिसतात. पहिल्याचा क्रमांक ‘महाराष्ट्र’ या शब्दाने सुरू होतो, दुसऱ्याचा ‘एफ’ने. नुसत्या न्यासाला, म्हणजे ज्याच्या मागे 1860 ची नोंदणी नाही त्याला, बहुधा ‘ई’ क्रमांक असतो. फाइल पहिल्यांदा उघडाल तेव्हा ही अक्षरं आधी बघा. समोर कुठल्या प्रकारची संस्था आहे ते तेवढ्यावर कळतं.

समजा, सभा 2 ऑक्टोबर 2019 ला झाली, संस्था नोंदणी 17 जानेवारी 2020 ला आणि न्यास नोंदणी 9 मार्च 2020 ला. वार्षिक अहवाल, फलक, निमंत्रण, संकेतस्थळ इथे 2 ऑक्टोबर चालतो. तिथे स्थापना म्हणजे लोकांनी एकत्र येऊन ठरवलं तो दिवस. पॅन, बँक, आयकर सवलतींची नोंदणी इथे प्रमाणपत्रावरची तारीख हवी, आणि सगळीकडे तीच हवी. पॅनच्या अर्जातही स्थापनेच्या तारखेचा रकाना असतो. तिथे कुणी हौसेने गांधीजयंती लिहिली आणि बँकेत 17 जानेवारी दिली की केवायसीच्या वेळी दोन तारखा जुळत नाहीत, मग पॅन दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं. 17 जानेवारी की 9 मार्च, हा वाद उगाच होतो: संस्था नोंदणी आधीची आहे, संस्था कायद्याने तेव्हाच अस्तित्वात आली.

सर्वांत महाग पडते ती अनुदानाची मोजणी. परदेशी निधीच्या एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं अस्तित्वात हवी आणि त्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य उद्देशांवर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला हवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायचा, तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. इथे सभेच्या तारखेपासून वर्षं मोजून अर्ज केला की अडकतो. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागतात आणि नोंदणीच्या आधीच्या काळाचे ताळेबंद संस्थेच्या नावाने असणार कुठून?

कंपनीत हा गोंधळ कमी. तिथे स्थापनेची तारीख नोंदणी प्रमाणपत्रावर छापूनच येते आणि तिच्याआधी कंपनी नसतेच. भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीला व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र 180 दिवसांत द्यावं लागतं. स्थापना आणि प्रारंभ ही तिथे दोन वेगळी कामं आहेत, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

स्थापना सभेचा ठराव नव्या माणसाला लिहायला सांगतात. त्यात अलंकार नको. ‘ठराव क्र. 1. आज दि. 2 ऑक्टोबर 2019 रोजी सकाळी 11 वाजता खाली सह्या करणाऱ्या सात व्यक्तींच्या सभेत असे ठरले की, सोबतच्या विधानपत्रात नमूद उद्देशांसाठी अमुक नावाची संस्था स्थापन करावी. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक आणि अनुमोदक वेगळे हवेत, आणि दोघेही त्या सातांपैकी हवेत. उपस्थितीच्या पानावर सहा सह्या आणि विधानपत्रावर सात, असं झालं की कागद परत येतो. सातवे गृहस्थ ‘नंतर सही करतो’ म्हणून गावाला गेलेले असतात, हे नेहमीचंच.

‘संस्थापक’ हा शब्द मानाचा आहे, अधिकाराचा नाही. 1860 च्या कायद्यात विधानपत्रावर सह्या करणारी माणसं आहेत. संस्थापक म्हणून कायमचा हक्क कुणाला नाही. तो नियमावलीत लिहिला असेल तरच मिळतो. न्यासात तो काढणारा न्यासकर्ता असतो, सहकारी गृहनिर्माण संस्थेत नोंदणीसाठी पुढाकार घेणारा मुख्य प्रवर्तक. मुख्य प्रवर्तकाचं काम नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा बोलवण्यापर्यंत, पुढे कारभार समितीचा. संस्थापक-अध्यक्षांनी पद सोडलं तर लेटरहेडवर ‘संस्थापक’ राहू द्या, पण पदाधिकाऱ्यांतला बदल 90 दिवसांत चेंज रिपोर्टने कळवा. तो राहिला की धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात जुनीच मंडळी विश्वस्त दिसत राहतात आणि बँकेला नव्यांच्या सह्या पटत नाहीत.

वर्धापनदिनाची पत्रिका करताना आकडा बोटांवर मोजा. स्थापना 15 ऑगस्ट 1975 ची असेल, तर पहिला वर्धापनदिन 15 ऑगस्ट 1976 ला आणि पन्नासावा 15 ऑगस्ट 2025 ला. सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हणजे पन्नासावं वर्ष, ते 15 ऑगस्ट 2024 ला सुरू होतं. बऱ्याच संस्था पन्नास पूर्ण झाल्यावर पुढचं अख्खं वर्ष महोत्सव करतात. तेही खपतं, फक्त पत्रिकेवर ‘51 वा वर्धापनदिन’ आणि ‘सुवर्णमहोत्सव’ एकाच ओळीत येऊ देऊ नका. 25 ला रौप्य, 60 ला हीरक, 75 ला अमृत. पत्रिका छापायला द्यायच्या आधी कोनशिलेवरचं सालही एकदा बघून घ्या. पाहुणे दीपप्रज्वलनाला थांबतात तेव्हा समोर बहुतेक तीच असते.