एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्टची परीक्षेची तयारी कशी करायची आणि पास झाल्यावरचा आठवडा कसा साजरा करायचा

एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि स्टोरेज) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा द्यायचीय पण शिक्षण मराठी मीडियममधून झालंय, एवढे लांबलचक इंग्रजी प्रश्न वाचायला वेळ पुरेल का, असं ज्युनियर्स सारखं विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. पहिली गोष्ट तीच सांगतो जी बऱ्याच जणांना माहितीच नसते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीतल्या परीक्षेला ३० मिनिटं जास्त मिळतात, एक रुपया न देता. सर्टिफिकेशनच्या अकाउंटमध्ये अकोमोडेशन (खास सवलत) म्हणून ऑप्शन आहे, तिथे 'ईएसएल +३०' (ईएसएल म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा) निवडायचं, पण परीक्षा बुक करायच्या आधी. एकदा मंजूर झालं की पुढच्या परीक्षांनाही लागू राहतं. यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही, आपल्या हक्काची वेळ आहे, बिनधास्त घ्या.

आता परीक्षा. सध्याचा कोड एसएए-सी०३. ६५ प्रश्न, १३० मिनिटं (ईएसएल घेतलं तर १६०), फी १५० डॉलर अधिक टॅक्स, पास व्हायला १००० पैकी ७२०. ६५ पैकी १५ प्रश्नांचे मार्क धरतच नाहीत पण ते कुठले हे कळत नाही, त्यामुळे एखादा प्रश्न अगदीच अनोळखी आला तर घाबरू नका, कदाचित तो त्या १५ मधलाच असेल. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. विषयांचं वजन असं आहे: सिक्युरिटी ३० टक्के, रेझिलियन्स (बिघाड झाला तरी सिस्टीम चालू राहणं) २६, परफॉर्मन्स २४, कॉस्ट २०. पण प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही, टोटल बघतात.

माझं मत स्पष्ट आहे, ही पाठांतराची परीक्षा नाही, वाचण्याची परीक्षा आहे. सर्व्हिसेसची नावं पाठ केलेली मुलं अडकतात कारण चारही ऑप्शन बऱ्याचदा चालण्यासारखे असतात, विचारलेलं काहीतरी वेगळंच असतं. म्हणून आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा, मग वरची गोष्ट.

उदाहरण घ्या. एका कंपनीचं फोटो प्रोसेसिंगचं काम रोज रात्री तीन-चार तास चालतं, मध्येच थांबलं तरी पुन्हा सुरू करता येतं. शेवटच्या ओळीत 'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' असेल तर स्पॉट इन्स्टन्सकडे (एडब्ल्यूएसकडचे रिकामे पडलेले, स्वस्तात मिळणारे सर्व्हर) जायचं, कारण एडब्ल्यूएस दोन मिनिटांची नोटीस देऊन ते काढून घेऊ शकतं आणि आपल्या कामाला ते चालतंय. त्याच गोष्टीच्या शेवटी 'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' आलं तर सर्व्हर सांभाळायचाच नाहीये, मग फारगेटसारखा (आपलं काम चालतं, सर्व्हर एडब्ल्यूएसच बघतं) ऑप्शन शोधायचा. आणि लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता छोटा कोड चालवायची सेवा) दिसला म्हणून लगेच टिक करू नका, एका रनला त्याची मर्यादा १५ मिनिटांची, इथे काम तासांचं आहे, तो पहिल्या फटक्यात बाद. म्हणजे गोष्ट एकच, शेवटची ओळ बदलली की उत्तर बदललं!

अशाच काही जोड्या पक्क्या करून ठेवा, त्या हमखास विचारल्या जातात. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरची फायरवॉल) स्टेटफुल, म्हणजे आत येऊ दिलेल्याचं उत्तर आपोआप बाहेर जातं, आणि त्यात फक्त अलाऊ रूल्स, नेटवर्क एसीएल (आख्ख्या सबनेटची, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्याची फायरवॉल) स्टेटलेस, म्हणजे येण्याचे आणि जाण्याचे रूल्स वेगळे, आणि त्यात डिनाय पण करता येतं, म्हणून एखादा ठराविक आयपी ब्लॉक करा म्हटलं की एसीएल. आरडीएसमध्ये (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) मल्टी-एझेड (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये तयार ठेवलेली कॉपी) हे मशीन पडलं तर सावरायला आणि रीड रेप्लिका वाचण्याचा लोड वाटून घ्यायला. प्रायव्हेट सबनेटमधून (ज्याला इंटरनेटचा थेट रस्ता नाही) एस३ ला (फाइल ठेवायची सेवा) जायचंय आणि खर्च कमी ठेवायचाय तर गेटवे एंडपॉइंट, त्याला चार्ज नाही, नॅट गेटवेला (प्रायव्हेट सर्व्हरला इंटरनेटवर नेणारा रस्ता) मात्र तासाचे पण लागतात आणि डेटाचे पण.

हे सगळं व्हिडिओ बघून डोक्यात बसत नाही, हाताने करावंच लागतं. मुंबई रीजन घ्या (यादीत ap-south-1 दिसतं, त्याला आपण सगळे मुंबईच म्हणतो), एक व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) बनवा, पब्लिक-प्रायव्हेट सबनेट पाडा, रूट टेबल (कुठला ट्रॅफिक कुठे जाईल याची यादी) जोडा, प्रायव्हेटमधला सर्व्हर बाहेर का जात नाहीये ते शोधत बसा. तो शोधण्यात गेलेला एक तास कोर्सच्या आख्ख्या सेक्शनपेक्षा जास्त शिकवतो. फक्त अकाउंट उघडल्या उघडल्या बजेट अलर्ट लावा आणि उठताना नॅट गेटवे, लोड बॅलन्सर, आरडीएस डिलीट केलं का ते बघा, कारण वापरलं नाही तरी मीटर चालूच असतं.

मॉक टेस्टमध्ये मार्कांपेक्षा चुकलेल्या प्रश्नांवर वेळ घाला. एक वही करा, त्यात उत्तर नाही लिहायचं, बाकीचे तीन ऑप्शन का बाद झाले ते स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहायचं. आणि डम्प्सच्या (खऱ्या परीक्षेतले फोडलेले प्रश्न) नादाला लागू नका प्लीज. नियमाविरुद्ध आहे, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि इंटरव्ह्यूमध्ये दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं.

बुकिंग करताना नाव जपून टाका. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, तर जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावर जसं आहे तसंच अकाउंटमध्ये हवं. घरून देता येते पण खोली रिकामी हवी, परीक्षा संपेपर्यंत कोणी आत यायला नको, नेट आणि लाईट टिकायला हवी, आणि भरल्या घरात हे अवघडच असतं. जवळच्या शहरात सेंटर असेल तर मी सेंटरलाच जा म्हणेन. तारीख बदलायची झाली तर २४ तास आधीपर्यंत बदलता येते. नापास झालात तर १४ दिवसांनी परत बसता येतं, फी मात्र पुन्हा पूर्ण.

रिझल्ट पाच कामाच्या दिवसांच्या आत येतो. आणि पास झालात की माझं ऐका, तो आठवडा मनापासून साजरा करा. नोकरी सांभाळून रात्री जागून केलेलं आहे हे, आणि तुमच्यासोबत घरच्यांनीही टीव्हीचा आवाज कमी ठेवलाय, तुमची कामं अंगावर घेतलीत. म्हणून पहिला फोन आईबाबांना, त्यांना क्लाउड म्हणजे काय ते कळो न कळो, 'परीक्षा पास झालो' हे बरोबर कळतं. घरी पेढे न्या, शेजारी पण द्या. दुसऱ्या दिवशी डिजिटल बॅज घेऊन लिंक्डइनला टाका, आणि पोस्ट कॉपी-पेस्ट नको, कुठला टॉपिक अवघड गेला आणि कसा सुटला ते लिहा, मागून येणाऱ्यांना खरंच उपयोग होतो. ऑफिस फी परत देत असेल तर पावती त्याच आठवड्यात एचआरला पाठवा, नंतर राहून जातं. ज्या मित्राने डाउट सोडवले त्याला शनिवारी मिसळ खायला घेऊन जा, बिल तुमचं. रविवार पूर्ण घरच्यांचा, लॅपटॉप बंद.

पुढच्या परीक्षेवर ५० टक्के सूट देणारं कुपन अकाउंटच्या बेनिफिट्समध्ये आलेलं असतं, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. तेव्हा आता पुढची कुठली हा विषय निदान त्या आठवड्यात तरी काढू नका.