वेन आकृतीची शाब्दिक उदाहरणं: या चुका टाळा

उत्तर उणे नऊ आलं की काही मुलं उणेचं चिन्ह खोडतात आणि ९ लिहून मोकळी होतात. वह्या तपासताना हे इतक्यांदा पाहिलंय, की आता तो ९ दिसला की गाडी कुठे घसरली ते आकृती न बघताच कळतं.

उदाहरण साधंच असतं. वर्गात ४५ मुलं. २८ जणांना क्रिकेट आवडतं, १९ जणांना खो-खो, ७ जणांना दोन्ही. एकही खेळ न आवडणारे किती? वेन आकृतीची, म्हणजे प्रत्येक गटाला एक अशी, एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढता येतात सगळ्यांना. मग मधल्या भागात ७, डाव्या कोरीत (मधला भाग सोडून उरलेल्या वर्तुळात) २८, उजव्या कोरीत १९. बेरीज ५४, आणि वर्गात मुलं ४५!

२८ हा आकडा अख्ख्या वर्तुळाचा आहे, कोरीचा नव्हे. दोन्ही आवडणारे ७ जण त्यात आधीच बसलेत. म्हणून भरताना आतून बाहेर यायचं: आधी ७, मग २८ − ७ = २१ आणि १९ − ७ = १२. बेरीज ४०, उरले ५. हे ५ वर्तुळांच्या बाहेर, पण चौकटीच्या आत. चौकट म्हणजे विश्वसंच, इथे वर्गातली सगळी ४५ मुलं. ती काढायचा कंटाळा केला की हे पाच जण हमखास विसरले जातात.

आकडा वर्तुळाचा की कोरीचा, हे कधीकधी एका अक्षरावर ठरतं. ‘फक्त’ सगळ्यांना दिसतं, ‘च’ दिसत नाही. ‘क्रिकेट आवडतं’ म्हणजे वर्तुळ, ‘क्रिकेटच आवडतं’ म्हणजे कोर. मी तर त्या ‘च’भोवती पेन्सिलीने गोल करायला लावतो. ‘किंवा’चीही गंमत आहे. पाहुण्यांना ‘चहा की कॉफी?’ विचारलं तर ‘दोन्ही’ हे उत्तर कोणी धरून चालत नाही. गणितातल्या ‘चहा किंवा कॉफी घेणाऱ्यां’त मात्र दोन्ही घेणारेही येतात. आणि ‘खो-खो न आवडणारे’ म्हणजे बाहेरचे ५ नव्हेत, तर २१ + ५ = २६.

मधला आकडा दिलेलाच नसेल तर बीजगणित लागतं. सोसायटीत ६० घरं. ३८ घरी मराठी पेपर येतो, २७ घरी इंग्रजी. एकही पेपर न घेणारी घरं दोन्ही घेणाऱ्यांच्या निम्मी. इथे दोन्ही घेणारे क्ष धरले की अपूर्णांक मागे लागतो. त्यापेक्षा एकही न घेणारी घरं क्ष धरा, म्हणजे दोन्ही घेणारी २क्ष.

(३८ − २क्ष) + (२७ − २क्ष) + २क्ष + क्ष = ६०

म्हणून ६५ − क्ष = ६०, क्ष = ५, दोन्ही पेपर घेणारी घरं १०. घाईत मधला ‘+ २क्ष’ गळाला, तर ६५ − ३क्ष = ६० होतं आणि क्ष येतो पाच तृतीयांश. पाच तृतीयांश घर कुठल्या सोसायटीत असतं? अशी चूक निदान आरडाओरडा तरी करते.

तीन वर्तुळांतली चूक गप्प बसते. १०० जणांपैकी चहा ५२, कॉफी ४०, ताक ३५, चहा-कॉफी १८, कॉफी-ताक १२, चहा-ताक १५, तिन्ही ६. अनेकजण १८, १२, १५ जसेच्या तसे पाकळ्यांत, म्हणजे नेमक्या दोनच वर्तुळांत येणाऱ्या भागांत, लिहितात. मग फक्त चहा १३, फक्त कॉफी ४, फक्त ताक २, एकूण ७०, काहीच न घेणारे ३०. कुठे उणे नाही, अपूर्णांक नाही. तरी उत्तर चूक. चहा-कॉफीचा सामाईक भाग मोजून बघा: १८ + ६ = २४, आणि दिलेत १८.

तिन्ही घेणारे ६ प्रत्येक जोडीत धरलेले असतात, म्हणून पाकळ्यांत १२, ६ आणि ९ हवेत. कोरी होतात २५, १६, १४. सगळे मिळून ८८, काहीच न घेणारे १२.

उदाहरणात ‘नेमकी दोनच पेयं घेणारे २७’ असं दिलं असेल तर मात्र नेहमीचं सूत्र (तिन्हींच्या बेरजेतून तिन्ही जोड्या वजा, मग तिन्ही घेणारे अधिक) चालवू नका. ५२ + ४० + ३५ = १२७ या बेरजेत दोन पेयंवाले दोनदा मोजले गेले, तिन्हीवाले तीनदा. म्हणून २७ एकदा वजा, ६ दोनदा वजा: १२७ − २७ − १२, पुन्हा ८८.