गाडीला गोळी लागलीय? निदान या चुका तरी टाळा

ह्यूस्टनला ३१ डिसेंबर किंवा ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, रात्र सरली की कोणाचा ना कोणाचा फोटो येतोच, गाडीच्या टपाला भोक आणि खाली प्रश्न, "हे कव्हर होतं का?" अरे पॉलिसी तुझी, वाचायची तू! जल्लोषात हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येणारच. टेक्ससमध्ये लाखाच्या वर वस्तीच्या शहरात असा बेफिकीर गोळीबार गुन्हा आहे, पण झाडणारा क्वचितच सापडतो आणि क्लेमसाठी तो सापडायलाच हवा असंही नाही.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर) घेऊन "माझा इन्शुरन्स आहे" म्हणत फिरणं. टेक्ससचं किमान ३०/६०/२५, म्हणजे एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेला २५ हजार. यात तुमच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा येत नाही. गोळी, गारा, चोरी, तोडफोड हे सगळं कॉम्प्रिहेन्सिव्ह नावाच्या कव्हरमध्ये येतं आणि धडकेचं कोलिजन वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे भारतातल्या पॉलिसीचा हिशोब इथे लावू नका. लोनवाल्यांना बँकच दोन्ही घ्यायला लावते, अडकतात ते रोखीने जुनी कॅमरी घेऊन महिन्याचे चार पैसे वाचवणारे. आणि गोळी लागल्यावर ॲपमधून कव्हरेज वाढवून दुसऱ्या दिवशी क्लेम टाकायचा सल्ला देणारे महाभाग पण आहेत, तो सरळ फ्रॉड आहे बाबांनो, कव्हरेज कधी सुरू झालं त्याची वेळ कंपनीकडे असते.

दुसरी चूक घाईची. ओळखीतल्या एका मुलाच्या पार्क केलेल्या गाडीच्या दारात गोळी घुसली. साहेबांनी सकाळी काचा व्हॅक्यूम केल्या, पकडीने गोळी उपसून फेकून दिली, एका स्वस्त बॉडी शॉपवाल्याकडून पुट्टी भरून कलर मारून घेतला आणि मग क्लेम टाकला! ॲडजस्टर (इन्शुरन्स कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस) बघायला आला तर दार चकाचक, पोलीस रिपोर्ट नाही, फोटो म्हणजे एकच अंधारातला सेल्फी. पुढे एअरबॅगचा लाइट लागला, काच खाली जाईना, दार उघडून बघितलं तर आत वायरिंग तुटलेलं आणि साइड एअरबॅगच्या सेन्सरचा चुराडा. भोक दिसतं पत्र्यात, पण खरा खर्च आतला असतो, दारात काच वरखाली करणारा रेग्युलेटर आणि सेन्सर, बाजूच्या खांबात सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर, टपाच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग. म्हणून मी आधी ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आवरण) काढून गोळीचा पूर्ण रस्ता बघायला लावतो, एअरबॅगचे एरर कोड स्कॅन करायला लावतो, मगच रंगाची भाषा. जो शॉपवाला नुसतं बाहेरून बघून रेट सांगतो त्याला रामराम. टेक्ससमध्ये शॉप तुम्ही निवडायचं असतं, इन्शुरन्सवाल्याने सुचवलेलंच घ्यायला पाहिजे असं नाही.

बरं, हात लावू नका म्हणजे पावसात उघडी ठेवा असंही नव्हे. आधी पोलिसांना कळवा, भरपूर फोटो काढा, मग प्लास्टिक आणि टेप लावा आणि त्याची पावती ठेवा, कारण पुढचं नुकसान टाळणं पॉलिसीत तुमच्यावरच असतं, नाहीतर भिजलेल्या सीटचे पैसे कापतील.

बाकी किरकोळ. विंडशील्डला (पुढच्या काचेला) गोळी लागली तर रेझिन भरून चालत नाही, काच बदला, आणि काचेमागे कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशन (तो पुन्हा नीट जुळवून घेणं) एस्टिमेटमध्ये आहे ना बघा. पेट्रोलचा वास आला तर स्टार्ट करू नका, टो करा. ईव्हीत बॅटरीच्या भागाला लागली असेल तर चार्जिंगला लावू नका आणि गॅरेजमध्ये घेऊ नका. गाडीतला लॅपटॉप गाडीच्या पॉलिसीत येत नाही, रेंटर्स (भाडेकरूच्या सामानाची) पॉलिसी बघा. डिलिव्हरी करताना लागली असेल तर लपवू नका, बऱ्याच पर्सनल पॉलिसीत ते वगळलेलं असतं, त्यामुळे वेगळं कव्हर आधीच घेऊन ठेवावं लागतं.

आणि डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा हिस्सा) १००० डॉलर असताना ७०० च्या कामाचा क्लेम टाकून काय मिळणार? आधी एस्टिमेट घ्या, अर्ध्या रात्री क्लेम लाइनवर होल्ड म्युझिक ऐकत बसू नका.