गणेशोत्सवात घरी अथर्वशीर्षाची २१ आवर्तने कशी करावीत

भाद्रपद शुक्ल चतुर्थीला गणपती घरी आल्यावर निदान एकदा अथर्वशीर्षाची २१ आवर्तने व्हावीत, अशी इच्छा अनेक कुटुंबांत असते. ती पुरी करायला बसल्यावर मात्र पहिली चार-पाच आवर्तने शांतपणे होतात, दहाव्यानंतर लय वाढू लागते आणि शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत शब्दांऐवजी नुसता गुंजारव ऐकू येतो. हे टाळायचे असेल तर तयारी चतुर्थीच्या दिवशी सकाळी नव्हे, श्रावणात सुरू करायला हवी.

प्रथम वेळेचा अंदाज घ्यावा. संथ आणि स्पष्ट म्हटल्यास फलश्रुतीविना (पठणाचे फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागाविना) एका आवर्तनाला साधारण साडेतीन ते चार मिनिटे लागतात, म्हणजे २१ आवर्तनांना सव्वा ते दीड तास सहज जातो. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा, पूजा, मोदकांचा नैवेद्य आणि आल्यागेल्याचे स्वागत एवढे सारे असताना हा दीड तास काढणे ओढाताणीचे होते. त्यामुळे दुसरा दिवस, म्हणजे ऋषिपंचमीची सकाळ, मला अधिक सोयीची वाटते. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर हजारो स्त्रिया पहाटे एकत्र बसून अथर्वशीर्ष म्हणतात, तोही ऋषिपंचमीचाच दिवस. घरातील स्त्रियांनी पठणाला बसावे की नाही, असा प्रश्न ज्यांच्याकडे अजूनही निघतो, त्यांनी ती पहाट एकदा अवश्य पाहावी. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा असतो, त्यांनी विसर्जनापूर्वीची हीच सकाळ धरावी.

आता पाठाकडे वळू. गणपती अथर्वशीर्ष हे अथर्ववेदाशी जोडलेले उपनिषद असून त्याचा बराचसा भाग गद्य आहे. लहानपणापासून ऐकून ऐकून ते पाठ झालेले असते, आणि खरी अडचण हीच आहे, कारण कानांनी उचललेल्या चुकाही तेवढ्याच पक्क्या झालेल्या असतात. आठवडाभर रोज एकदा पुस्तक समोर ठेवून, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचावे. मराठी बोलणाऱ्यांच्या काही सवयी येथे हमखास आड येतात. आपण शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ करतो, त्यामुळे ‘तत्त्वमसि’चे ‘तत्त्वमसी’ आणि ‘ऋतं वच्मि’चे ‘ऋतं वच्मी’ होते. शब्दाच्या शेवटचा अकार आपण गिळतो, त्यामुळे ‘एकदन्ताय’ आणि ‘वक्रतुण्डाय’ यांतील ‘य’ अर्धाच उरतो; तो पूर्ण उच्चारावा. चमच्यातला दंत्य ‘च’ संस्कृतात नाही. ‘चत्वारि वाक्पदानि’ म्हणताना ‘चहा’तला ‘च’ वापरावा. विसर्गाचा स्पष्ट ‘हा’ करू नये, ‘नमः’ म्हणताना शेवटी मागच्या स्वराचा हलकासा श्वास पुरेसा असतो. ‘ज्ञानमयो विज्ञानमयोऽसि’ येथील ‘ज्ञ’ महाराष्ट्रात ‘द्न्य’सारखाच म्हटला जातो. वेगळ्या उच्चाराचा हट्ट धरून सामूहिक पठणात वाद घालण्याचे कारण नाही.

पठण अडखळते त्या जागाही ठरलेल्या आहेत. ‘सर्वं जगदिदं’ने सुरू होणारी चार वाक्ये पाठोपाठ येतात, आणि ‘त्वत्तो जायते’, ‘त्वत्तस्तिष्ठति’, ‘त्वयि लयमेष्यति’, ‘त्वयि प्रत्येति’ यांपैकी एखादे गटात हमखास गळते. जग तुझ्यापासून उत्पन्न होते, तुझ्यामुळे टिकते, तुझ्यात लय पावेल आणि तुझ्याकडेच परतते, हा क्रम मनात ठेवला तर वाक्य निसटत नाही. ‘अवानूचानमव शिष्यम्’ हे एका दमात म्हटले जाते. त्यात ‘अव अनूचानम्, अव शिष्यम्’ असे दोन तुकडे आहेत, आणि ‘अव’ म्हणजे रक्षण कर, एवढे कळले की तो सगळा परिच्छेद सोपा होतो. शेवटच्या नमनात तर जवळजवळ प्रत्येक घर चुकते. ‘गणपतये नमः’ हे शब्द जिभेवर इतके बसलेले असतात की ‘नमो गणपतये नमः’ म्हणून लोक थांबतात आणि ‘प्रमथपतये’ पोरके राहते. वास्तविक तेथे ‘नमो व्रातपतये, नमो गणपतये, नमः प्रमथपतये’ असा विराम हवा. ‘एकदन्तं चतुर्हस्तं’पासून पाठ गद्यातून अनुष्टुभ छंदात (आठ-आठ अक्षरांच्या चरणांत) शिरतो आणि चाल मिळाल्याने सगळे एकदम धावू लागतात. ‘रक्तं लम्बोदरं शूर्पकर्णकं’ या ओळीत छंदाचा विराम ‘शूर्प’नंतर पडतो, पण शब्द एकच आहे (सुपासारखे कान असलेला), म्हणून तेथे श्वास घेऊ नये.

छापील पोथ्यांत अक्षरांखाली आडव्या आणि अक्षरांवर उभ्या रेषा दिसतात. खालची रेषा अनुदात्ताची (खालच्या सुराची) आणि वरची स्वरिताची (चढ्या सुराची) खूण असते. हे स्वर गुरूसमोर बसून शिकले असतील तरच वापरावेत. ध्वनिमुद्रण ऐकून अर्धवट अनुकरण केल्यास पठण ना सस्वर राहते ना सरळ. ज्यांनी स्वर शिकलेले नाहीत त्यांनी एका सुरात, संथपणे म्हणावे.

पठणाच्या दिवशी आवर्तनांसोबत अभिषेक करायचा असेल तर तो मातीच्या मूर्तीवर करू नये. पूजेतील धातूची लहान मूर्ती, ती नसल्यास सुपारी, ताम्हणात ठेवून तिच्यावर पळीने पाणी घालावे किंवा वर अभिषेकपात्र टांगावे; मोठ्या मूर्तीवर दूर्वेने थोडे पाणी शिंपडले तरी चालते. दूध किंवा पंचामृत वापरायचे असेल तर तांब्याचे भांडे टाळावे. दीड तास अखंड दूध घालण्यापेक्षा आरंभी पंचामृत आणि पुढे केवळ शुद्ध पाणी, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो, कारण तीर्थ घेण्याजोगे राहते.

आचमन करून, तिथी, स्थळ आणि हेतू सांगणारा छोटा संकल्प उच्चारावा. तो मराठीत केला तरी हरकत नाही. त्यानंतर ‘भद्रं कर्णेभिः’ हा शांतिमंत्र एकदाच म्हणावा. ‘ॐ नमस्ते गणपतये’पासून ‘वरदमूर्तये नमः’पर्यंत एक आवर्तन धरतात, फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणत नाहीत, ती शेवटच्या आवर्तनालाच जोडतात. मोजणीसाठी माळेची गरज नाही. २१ दूर्वा ताटलीत मोजून ठेवाव्यात आणि प्रत्येक आवर्तन संपताच एक दूर्वा वाहावी. ताटली रिकामी झाली की गणती पूर्ण. हे काम घरातील एखाद्या मुलाकडे सोपवावे, म्हणजे ते जागचे हलतही नाही आणि मोठ्यांची मोजणी चुकत नाही.

लय सांभाळण्यासाठी एकानेच पुढाकार घ्यावा आणि तो सर्वांत जलद म्हणणारा नसावा. पाच-सात जण असतील तर दोन गट करून आलटून पालटून आवर्तने करावीत. एक गट म्हणत असताना दुसऱ्याने ऐकावे, त्यामुळे आवाजही बसत नाही. सातव्या आणि चौदाव्या आवर्तनानंतर घोटभर पाणी प्यावे. परदेशातील मुले-सुना व्हिडिओ कॉलवर सहभागी होणार असतील तर आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे एकत्र म्हणणे जमत नाही, हे आधीच सांगावे. त्यांनी आपला आवाज बंद ठेवून इथल्या लयीबरोबर म्हणावे, किंवा काही आवर्तने पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावीत आणि आपण ऐकावीत.

सहस्रावर्तनाचा उल्लेख फलश्रुतीतच आहे, त्यामुळे मोठ्या कुटुंबांत किंवा सोसायटीत त्याचा संकल्प सोडला जातो. ५० जणांनी एकत्र २० आवर्तने केली की १००० झाली, अशी गणना रूढ आहे. ती मान्य करायला हरकत नाही, मात्र त्या ५० जणांतील ३० जण केवळ ओठ हलवत असतील तर आकडा कोणाच्या नावावर मांडायचा, हे आयोजकांनी ठरवावे. अशा कार्यक्रमात आधी दोन रविवार एकत्र सराव ठेवणे आणि मोठ्या अक्षरांत छापलेला एकच पाठ सर्वांना देणे आवश्यक असते, कारण ‘विघ्ननाशिने’ आणि ‘विघ्नविनाशिने’ असे पाठभेद निरनिराळ्या पुस्तकांत आढळतात आणि तेथेच आवाज फुटतो.

एकविसाव्या आवर्तनानंतर फलश्रुती ‘इत्युपनिषत्’पर्यंत म्हणावी, ‘सह नाववतु’ हा शांतिमंत्र म्हणून तीनदा ‘शान्तिः’ उच्चारावे आणि मग नैवेद्य व आरती करावी. तीर्थ सर्वांना देऊन झाल्यावर ताम्हणात उरलेले अभिषेकाचे पाणी पायदळी येणार नाही अशा जागी, जास्वंदीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या मुळाशी ओतावे.