परदेशी रेसिडेन्सी देणारा आर्ट अवॉर्ड: अर्ज कसा करायचा, पहिल्या फोटोपासून व्हिसापर्यंत

आर्ट कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, हे अवॉर्ड आपल्यासाठी नसतात, ते बडोदा-दिल्लीवाल्यांसाठी असतात, फाडफाड इंग्लिश येणाऱ्यांसाठी असतात. हे आधी डोक्यातून काढा. कलाकार प्रभाकर पाचपुते चंद्रपूरकडच्या सास्ती गावचे, घरची माणसं कोळसा खाणीत कामाला, आणि त्यांचं काम त्याच कोळशातून आणि त्याच खाणीतून आलेलं आहे, २०२१ ला वेल्समधल्या आर्टेस मुंडी या आंतरराष्ट्रीय कला पुरस्काराच्या विजेत्यांत ते होते. तुमच्याकडे जी.डी. आर्ट असो, ए.टी.डी. असो की बी.एफ.ए., बहुतेक ठिकाणी डिग्रीपेक्षा काम बघतात. तरी आपल्याकडून अर्जच कमी जातात, कारण अर्ज कसा लिहायचा हे कॉलेजात कोणी बसून शिकवत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, हा अवॉर्ड म्हणजे राज्य कला प्रदर्शन किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीचं बक्षीस नव्हे. तिथे आपण एखादं चित्र पाठवतो आणि त्या चित्राला बक्षीस मिळतं. इथे ज्युरी तुमच्या दोन-तीन वर्षांच्या कामाची दिशा बघते, आणि बक्षीस म्हणजे वेळ आणि जागा. परदेशात दोन-तीन महिने स्टुडिओ, राहायची सोय, विमानाचं तिकीट, रोजच्या खर्चाला पैसे. असं तिथे राहून काम करणं म्हणजेच रेसिडेन्सी. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते म्हणजे ही वाट आपल्याला नवी नाही, फक्त आता संस्था जास्त आहेत आणि अर्ज ऑनलाइन असतात.

भारतातल्या तरुण कलाकारांनी कुठे लक्ष ठेवायचं तर दिल्लीच्या फिका या फाउंडेशनचा इमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड, त्यात प्रो हेल्वेशिया म्हणजे स्विस कला परिषदेच्या मदतीने स्वित्झर्लंडची रेसिडेन्सी दिली गेलीय. प्रो हेल्वेशियाचं दिल्लीत स्वतःचं ऑफिस आहे आणि त्यांचे वेगळे रेसिडेन्सी कॉलही, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिराती, निघतात. मग इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन, त्यांचे फाइन आर्ट अवॉर्ड आहेत, शिवाय इटलीत बिएल्ला गावी चित्तादेलार्ते नावाची मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो या कलाकाराने उभी केलेली संस्था आहे तिथेही त्यांनी इथले कलाकार पाठवलेत. बाकी जगभरातल्या रेसिडेन्सी शोधायला ट्रान्सआर्टिस्ट्स आणि रेस आर्टिस या दोन साइट चांगल्या, फुकट बघता येतात. वयाची अट बहुतेक ठिकाणी असते, बरेचदा ३५ ची, आणि वय कोणत्या तारखेला मोजतात ते नीट वाचा, कारण अर्जाच्या दिवशी ३४ असणं आणि वर्षाअखेरीला ३४ असणं यात एक अख्खा अर्ज बाद होऊ शकतो. सध्या विद्यार्थी असलेल्यांना चालतं का, एकत्र काम करणारे दोघं मिळून अर्ज करू शकतात का, हेही आधीच बघून घ्या. दरवर्षी नियम बदलतात, मागच्या वर्षीच्या सिनियरने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगतो. इन्स्टावर रोज कुठला तरी इंटरनॅशनल अवॉर्ड येतो, फी भरा, सर्टिफिकेट घ्या, आणि निवड झाली की कळतं रेसिडेन्सीचे आठवड्याचे पैसे तुम्हीच द्यायचेत. पैसे घेणाऱ्या सगळ्याच रेसिडेन्सी वाईट नसतात पण त्याला अवॉर्ड म्हणू नये. मेल करून सरळ विचारा: तिकीट कोण देणार, राहायचं कोण देणार, स्टुडिओ वेगळा आहे का, जेवणाखाण्याला किती, मटेरियलला किती, इन्शुरन्स कोणाचा, आणि केलेलं काम कोणाच्या मालकीचं. खरी संस्था यातल्या प्रत्येकाचं उत्तर एका मेलमध्ये देते. ज्या घरात मुलाच्या कलेसाठी आधीच कर्ज काढलंय त्यांच्याकडून असे पैसे उकळलेले बघून फार वाईट वाटतं.

पोर्टफोलिओ. इथेच निम्मं काम होतं आणि इथेच सगळ्यात जास्त घाई केली जाते. साधारण १० ते १५ कामं मागतात, सगळं आयुष्य नको, गेल्या दोन-तीन वर्षांतलं. कॉलेजातले स्टिल लाइफ, हेड स्टडी कितीही सुंदर असले तरी काढून टाका. फोटो काढताना कॅनव्हास घराबाहेर सावलीत ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश अजिबात नको, काचेची फ्रेम असेल तर काढून घ्या, आणि कॅमेरा चित्राच्या बरोब्बर मध्यावर, नाहीतर वरची कड आणि खालची कड वेगळ्या लांबीची दिसते. चांगला फोनही चालतो, फक्त वाइड लेन्सने जवळून काढू नका, थोडं मागे जाऊन काढा. मांडणीशिल्प म्हणजे इन्स्टॉलेशन असेल तर एक फोटो पूर्ण खोलीचा, एक माणूस बाजूला उभा असलेला म्हणजे आकार कळतो, आणि एक अगदी जवळचा. व्हिडिओ असेल तर पूर्ण लिंक द्या आणि सोबत दोन-तीन मिनिटांचा तुकडा द्या, पासवर्ड असेल तर तो लिंकच्या शेजारीच लिहा, ज्युरी पासवर्ड शोधत बसत नाही. प्रत्येक कामाखाली नाव, वर्ष, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, आणि लागलंच तर दोन ओळी. पीडीएफ किती एमबीची मागितलीय ते बघा, आणि फाइलच्या नावात आधी स्वतःचं आडनाव टाका. पहिलं काम सगळ्यात दमदार ठेवा, कारण शेकडो अर्ज बघणारा माणूस पहिल्या तीन स्लाइडमध्ये पुढे बघायचं की नाही ते ठरवतो.

मग स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचा मजकूर, ज्याला सगळे घाबरतात. माझं म्हणणं, आधी मराठीत लिहा. जशी आईला किंवा रूममेटला सांगाल तसं, आणि मग ते इंग्लिशमध्ये करा, कोणाची मदत घ्या, चुका तपासायला एआय वापरायचं तर वापरा पण त्याला लिहायला देऊ नका, कारण सगळ्यांची स्टेटमेंट मग एकसारखी येतात, स्मृती आणि ओळख आणि अवकाश यांच्यातला संवाद वगैरे. यातून कुणाचंच काम दिसत नाही.

उदाहरण घेऊ. समजा इचलकरंजीची एक मुलगी आहे. तिने लिहिलं की माझं काम श्रम आणि विस्मरण यांचा शोध घेतं, तर काहीच कळलं नाही. पण तिने असं लिहिलं बघा: "आमच्या घराखाली साधे यंत्रमाग होते. धंदा बसला तेव्हा वडिलांनी ते किलोवर भंगारात घातले. मी धोटे आणि कांड्या ठेवून घेतल्या. मागाचा आवाज कोणीच रेकॉर्ड केलेला नव्हता, म्हणून मी आईला, शेजारच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना आणि जॉबरकाकांना तो आवाज तोंडाने काढायला सांगितला, आणि तो रेकॉर्ड केला. प्रत्येकाचा माग वेगळा वाजतो." (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, कांडी म्हणजे त्यात बसणारी धाग्याची गुंडाळी, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा.) एवढं वाचलं की पुढचे फोटो बघावेच लागतात. यात एकही जड शब्द नाही, आणि ती काय करते, कशाने करते, का करते, तिन्ही आलं.

प्रपोजल म्हणजे स्टेटमेंटच पुन्हा लिहिणं नव्हे. स्टेटमेंट झालेल्या कामाबद्दल, प्रपोजल तिथे जाऊन काय करणार त्याबद्दल, आणि त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं: हे काम तिथेच का? खूप अर्ज इथेच पडतात, युरोपियन कला जवळून बघायला मिळेल, म्युझियम बघेन, नवीन संस्कृती कळेल, हे तर सगळेच लिहितात आणि ते तिकीट काढून फिरायला जाणाऱ्यालाही मिळतं. आता तीच इचलकरंजीची मुलगी बिएल्लासाठी अर्ज करते असं धरा. बिएल्ला हे इटलीतलं लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव, आणि चित्तादेलार्ते स्वतःच एका जुन्या लोकर गिरणीत आहे. तिने लिहावं की मी तिथल्या निवृत्त गिरणी कामगारांना भेटून त्यांच्याही यंत्रांचा आवाज तोंडाने काढून घेणार, पहिला महिना माणसं शोधण्यात आणि ओळखी करण्यात, दुसरा रेकॉर्डिंगमध्ये, आणि शेवटी गिरणीच्याच एका खोलीत दोन्ही गावांचे आवाज समोरासमोर लावणार, दुभाषा लागेल, दोन स्पीकर लागतील. बस. ज्युरीला ते डोळ्यासमोर दिसतं आणि खर्च किती येईल तेही कळतं.

आणि हेच प्रपोजल गावाचं नाव बदलून स्वित्झर्लंडला पाठवू नका. तिथे सेंट गॅलनला कापडाचाच इतिहास आहे पण तो भरतकामाचा, यंत्रावरच्या एम्ब्रॉयडरीचा, म्हणजे यंत्र वेगळं, हाताचं काम वेगळं, प्रश्नही वेगळा निघेल. प्रत्येक जागेसाठी दोन-तीन दिवस बसून वाचायची तयारी ठेवा. ठाण्याच्या प्राजक्ता पोतनीस बर्लिनला कुन्स्टलरहाऊस बेथानियनमध्ये रेसिडेन्सीवर होत्या तेव्हा त्यांनी २०१४ मध्ये किचन डिबेट हे काम मांडलं. १९५९ ला मॉस्कोत अमेरिकन प्रदर्शनातल्या स्वयंपाकघरात निक्सन आणि ख्रुश्चेव यांचा वाद झाला होता तो त्याला संदर्भ. घरातल्या वस्तू, फ्रिजचा आतला भाग हे त्यांचे विषय आधीपासूनचेच होते, पण शीतयुद्धाने दोन तुकडे झालेल्या शहरात त्या विषयाला वेगळंच वजन आलं. असं काहीतरी सापडेपर्यंत शोधा.

बायोडेटा दोन पानांत बसवा, त्यात दहावीचे मार्क आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड नकोत. रेकमेंडेशन लेटर ज्याने तुमचं काम खरंच बघितलंय त्याच्याकडून घ्या, नावाजलेल्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या चार गुळगुळीत ओळींचा उपयोग नाही, आणि सरांना किमान तीन आठवडे आधी सांगा, सोबत तुमचं प्रपोजल पाठवा म्हणजे त्यांनाही लिहायला सोपं जातं. डेडलाइनची वेळ कुठल्या देशाची आहे ते बघा. मध्य युरोपातले रात्रीचे १२ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. तरी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, साइट नेमकी तेव्हाच अडकते.

शॉर्टलिस्ट झालात तर व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते. इंग्लिश अडखळलं तर थांबा, सोपा शब्द वापरा, समोरच्या स्विस किंवा इटालियन माणसाचीही इंग्लिश मातृभाषा नसते. काम हातात धरून दाखवा. त्या इचलकरंजीच्या मुलीने तो धोटा कॅमेऱ्यासमोर धरला तर पाच वाक्यं बोलायची वाचतात.

आणि निवड झाली की खरी धावपळ व्हिसाची. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे, साधा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा मिळतो. आता नीट बघा, तीन महिन्यांची रेसिडेन्सी म्हणजे ९० दिवस नव्हेत. १ जुलै ते ३० सप्टेंबर मोजलं तर ९२ दिवस होतात, जाण्यायेण्याचे दिवसही धरतात, म्हणजे तुम्ही साध्या व्हिसात बसत नाही आणि त्या देशाचा जास्त मुदतीचा नॅशनल व्हिसा लागतो, ज्याला कित्येक आठवडे जातात. होस्टला म्हणजे बोलावणाऱ्या संस्थेला पहिल्याच मेलमध्ये तारखा विचारा आणि जमत असेल तर ९० च्या आत आणायला सांगा, ते समजून घेतात. साध्या व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवस आधीपर्यंतच घेतात, पण उन्हाळ्यात व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीची अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील असतं. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतल्यानंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. आपल्यातल्या बहुतेकांचं आयटीआर म्हणजे आयकर विवरणपत्र नसतं, बँकेत फार पैसे नसतात, म्हणून आमंत्रण पत्र सगळ्यात महत्त्वाचं, त्यात राहणं, प्रवास, रोजचा खर्च आम्ही देणार असं स्पष्ट लिहून घ्या, तारखांसकट, सहीशिक्क्यासकट. लंडनची रेसिडेन्सी असेल तर हे काही लागू नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

सामानात टर्पेंटाइन, थिनर, स्प्रेचे कॅन विमानात चालत नाहीत, तिथेच घ्या. कॅमेरा-रेकॉर्डरच्या जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. येताना कागद आणि कॅनव्हास फ्रेमवरून उतरवून गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून, आणि जाडसर ट्यूबमध्ये भरा. जाताना जुनी कामं किंवा महागडी उपकरणं नेत असाल तर त्यांची फोटोसह यादी करून विमानतळावर कस्टम्सकडून नोंद करून घ्या, म्हणजे परत येताना स्वतःच्याच वस्तूंवर ड्युटी भरायची वेळ येत नाही. तिथे केलेल्या कामासाठी होस्टकडून एक पत्र घ्या की हे या कलाकाराने रेसिडेन्सीत केलेलं स्वतःचं काम आहे, विक्रीसाठी नाही, आणि ते पत्र चेक-इनच्या बॅगेत न टाकता जवळ ठेवा.